ओल्या बैठकीवर बसायचं नाही

त्या दिवशी सकाळपासून कोरडं, खरखरीत वारं सुटलं होतं. असल्या हवेत माणसांचे ओठ फुटतात आणि वेताच्या पट्ट्या कडाकड मोडतात. म्हणून वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या मावशींनी टब काठोकाठ भरून पट्ट्या भिजत घातल्या होत्या. थोडं पाणी फरशीवर सांडलं होतं. पुढची पट्टी उचलायला मावशी वळल्या, पाय सरकला आणि पडता पडता त्यांनी हात टेकला. बस, एवढंच. उंचावरून नाही, जोरात नाही. पण मनगटाचं हाड मोडलं.

मी कोण ते सांगायचं राहिलंच. मी एक बाक बोलतोय. जुना, जड लाकडाचा, सरळ पाठीचा, दोघांना ऐसपैस होईल असा. त्या दिवशी मावशी मलाच विणत होत्या. माझी बैठक अर्धी झाली होती, अर्धी नुसती भोकं.

मी जन्माला आलो एका सुताराच्या हातून आणि आयुष्य काढलं एका फोटोवाल्याच्या दुकानात. "ताठ बसा, मान वर, आता हसा!" हे तो एका दमात सांगायचा. ताठ बसून हसणं भल्याभल्यांना जमत नाही, हे मी जवळून पाहिलंय. वाटेत भांडून आलेली नवराबायको माझ्यावर बसली की खांद्याला खांदा लावायची आणि उठली की पुन्हा तोंडं दोन दिशांना. पुढे ज्याच्या त्याच्या हातात फोटो काढायचा फोन आला, दुकानाला कुलूप लागलं. फोटोवाल्याच्या सुनेनं मला फाटक्या बैठकीनिशी मावशींकडे आणून टाकलं. "सावकाश करा, घाई नाही," म्हणाली. ती फिरकलीच नाही. शेवटी निरोप आला, तुम्हीच ठेवून घ्या.

मावशींच्या हाताचं कौतुक करावं तेवढं थोडं. खुर्च्या कुणीही दुरुस्त करील हो, पण या बाई वेताशी बोलल्यासारखं करायच्या. पट्टी भोकातून वर काढायची, बोटानं ताणून बघायची, लाकडी खुंटी ठोकून ती तिथंच धरून ठेवायची. आणि गिऱ्हाईक खुर्ची न्यायला आलं की एकच ताकीद: "ओल्या बैठकीवर बसायचं नाही. पुरती सुकू दे, आपोआप आवळून येते. आधी भार टाकलात तर कायमची झोळी." या ताकिदीवर त्यांचं दुकान चाललं होतं आणि याच ताकिदीनं पुढे घोटाळा केला.

प्लास्टर निघालं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतं म्हणून डॉक्टरीणबाईंनी हाडांची तपासणी करवली. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली की हाडं आतून विरळ होत जातात, तसं मावशींचं झालं होतं. औषधाचं बघू, तोवर रोज चाला, हळूहळू हात चालवा, असं त्यांनी सांगितलं. मुलगी परगावाहून येऊन राहिली होती, तिनं हे सगळं लक्ष देऊन ऐकलं.

मावशी मात्र बसून राहिल्या. दुकानात यायच्या, मऊ गादीच्या खुर्चीत रेलायच्या. चालणं नाही, पिशवी उचलणं नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा मुलीनं द्यायचा. ज्या बाईला मी कधी टेकलेलं पाहिलं नव्हतं, तिची पाठ माझ्या डोळ्यांदेखत वाकायला लागली.

"आई, भीती वाटते का गं?" मुलीनं एकदा विचारलं.

"भीती कसली?"

"मग उठत का नाहीस? आजीसारखं करायचंय का?"

मावशींची आई अशीच घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं आणि ती पुन्हा पलंगावरून उठली नव्हती. तिची सगळी सेवा मावशींनीच केली होती. आजीचं नाव निघालं तसा मावशींचा चेहरा उतरला.

"तसं होऊ नये म्हणूनच बसलेय ना," त्या हळूच म्हणाल्या. "आत्ता हाडं कच्ची आहेत. पुरती आवळून येऊ देत. आधीच भार टाकला तर झोळी होईल."

मुलीला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. "अगं आई, तू स्वतःला खुर्ची समजलीस की काय!"

शेजारच्या गाळ्यात चावीवाला बसतो. मध्ये अर्धी फळ्यांची भिंत, त्यामुळे त्याला सगळं ऐकू जातं आणि ऐकलं की बोलल्याशिवाय त्याला राहवत नाही. पलीकडून आवाज आला, "ताई, बरं झालं, तुम्ही कुलपं दुरुस्त करत नाही! तोंडात तेल सोडून बसला असता."

दुसऱ्याच दिवशी मायलेकी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. परत आल्या तेव्हा मावशी नेहमीसारख्या भरभर बोलत होत्या, तेव्हाच मला बरं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना हाडाच्या आतलं चित्र दाखवलं होतं. "अगदी आपली वीण रे," त्या मला म्हणाल्या. "चांगल्या हाडात भोकं बारीक, माझ्यात मोठी झालीत. मी म्हटलं, मग सुकू द्या की. तर त्या हसल्या नाहीत हं. म्हणाल्या, मावशी, वेत कापलेला असतो, हाड जिवंत असतं. जिवंत हाडाला भार लागतो. बसून राहिलं की ते समजतं, आपलं काम संपलं."

मग औषध कुठलं घ्यायचं यावर खल सुरू झाला. मुलगी माझ्या कडेवर टेकून बसली, कारण माझ्या मधोमध बसणार कशी?

"ते रोजचं इंजेक्शन घे आई. त्यानं हाड नव्यानं बनतं."

"ते मणके खचलेल्यांना आधी देतात, असं म्हणाल्या ना त्या? शिवाय ते संपलं की बनलेलं हाड राखायला दुसरं औषध घ्यावं लागतंच. माझी वीण अजून सुटलेली नाही, सैल झालीय."

"मग सहा महिन्यांनी एकदा टोचतात ते?"

"त्याची तारीख चुकवून चालत नाही. मनानं सोडलं तर राखलेलं भराभर जातं. माझं आणि तारखांचं कधी जमलंय? तुझा वाढदिवस तूच मला सांगतेस."

"तो भाग खरा. आणि ते पाळी जायच्या वेळी सुरू करायचं हार्मोनचं औषध?"

"त्याची वेळ माझ्यासाठी टळून गेली, म्हणाल्या."

"मग वर्षातून एकदा सलाईनमधून देतात ते घे. एकदा घेतलं की वर्षभर सुटलीस. मी रजा काढून येईन."

ते मावशींनाही पटत होतं, तोंडावर दिसत होतं. तेवढ्यात चावीवाल्यानं भिंतीवरून डोकं काढलं. "ताई, या औषधांनी जबड्याचं हाड सडतं म्हणे. माझ्या साडूची वहिनी सांगत होती."

"तिनं बघितलं का सडलेलं?"

"नाही. तिलाही कुणीतरी सांगितलं."

"मी विचारलं डॉक्टरांना," मुलगी म्हणाली. "क्वचित होतं. म्हणून आधी दात दाखवायचे, काढायचा असेल तो काढून घ्यायचा. आणि काही वर्षांनी पुन्हा तपासून थांबायचं की चालू ठेवायचं ते ठरवायचं. अंगावर येईल ते लपवलं नाही त्यांनी."

चावीवाल्याचं डोकं हळूच खाली गेलं.

राहिली आठवड्याची गोळी. ती उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास ताठ बसायचं. चहा नाही, वाकणं नाही, आडवं होणं नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते. "हे तुला जन्मात जमणार नाही," मुलगी म्हणाली. "तू जेवतानासुद्धा उठून दोन खुंट्या ठोकतेस."

मला वाटतं, तिथंच मावशींनी ठरवलं. "मला बसता येत नाही म्हणून सगळी हसता. शिकेन की. गोळी सोसली नाही तर थांबवता येते, मग तुझं सलाईन आहेच. अंगात एकदम वर्षाचं औषध जायला मन घेत नाही माझं. हट्ट म्हण हवं तर."

मुलगी तणतणली, पण डॉक्टरीणबाईंना फोन लावला. गिळायला त्रास नाही, जळजळ नाही, मूत्रपिंडाची तपासणी ठीक, मग चालेल, असं त्या म्हणाल्या. एक किडका दात तेवढा आधी निघाला.

मग माझं नशीब उघडलं. मावशींनी मला चावीवाल्याकडून उंच टेबलावर चढवून घेतलं, पाठ न वाकवता उभ्यानं विणता यावं म्हणून. दुखऱ्या मनगटाला जोर नव्हता, तर पट्टी ओढायला मुलगी आणि खुंटी ठोकायला मावशी. "ओढ! अगं पाहुण्यासारखी काय ओढतेस?" "तूच ओढ मग!" अशा गोडव्यात माझी बैठक पुरी झाली. पुरती सुकू दिली, मला तो नियम लागू आहेच. रोज दोघी नदीपर्यंत चालून यायच्या. मावशींची पाठ पहिल्यासारखी झाली असं मी म्हणणार नाही, पण खाली जाणारी मान वर आली.

गोळीच्या पहिल्या सकाळी त्या माझ्यावर येऊन बसल्या. पेला रिकामा केला, पाठ माझ्या पाठीला लावली. इतक्या हलक्या होत्या की मला भरून आलं. मला फोटोवाल्याची आठवण झाली. त्याला ओरडून जे लोकांकडून करून घेता आलं नाही, ते या बाई न सांगता करत होत्या. ताठ, मान वर. मध्येच हात खुंटीकडे गेला, तर पलीकडून चावीवाला खेकसला, "ताई! वाकलात!" आणि मग त्यांना हसूसुद्धा आलं.

आता मुलगी आपल्या घरी गेलीय. मी विकाऊ नाही, असं मावशींनी दोन गिऱ्हाइकांना ठणकावलंय. माझा एक पाय थोडा डगमगतो, पण वीण घट्ट आहे. तुमच्या घरातही कुणी काम टाकून गादीच्या खुर्चीत गप्प बसलं असेल, तर त्यांना एकदा विचारा, मनात काय धरून बसलात. एवढंच मागणं आहे माझं.

काल मावशी अर्धा तास बसून उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. चावीवाला अलीकडे आला, माझ्या डगमगत्या पायाखाली त्यानं पत्र्याची चकती सरकवली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "म्हातारबा, तू आता टिकून राहा बरं का. या बाईला एका जागी बसवून दाखवलंस, असा तू एकटाच."