भामाबाई आणि रंगूबाई यांचा संबंध

मित्रांनो, मी एक जुना रोगकोश आहे. सांगलीच्या एका संशोधन केंद्रात, खिडकीपाशी ठेवलेल्या संगणकात माझा मुक्काम असतो. इथले लोक मला ऑन्टॉलॉजी म्हणतात. साध्या कोशात शब्दांचे अर्थ असतात. माझ्यात नाती असतात. झडप हा हृदयाचा भाग, हा आजार रक्ताच्या नात्यात उतरणारा, ही गोळी त्या आजारात घातक. अशा हजारो ओळी एकमेकींना लावून मी न सांगितलेली गोष्ट शोधून काढतो. त्यालाच अनुमान म्हणतात.

माझ्या ओळी रेश्माने टाइप केल्या. पाच वर्षे ती वडूज, औंध, रहिमतपूर भागात हिंडली आणि घराघरांतल्या वंशावळी तिने माझ्यात भरल्या. वडूजच्या एका घराण्यात हृदयाची लय बिघडवणारा आजार होता. त्या घरातला अर्जुना भरतीसाठी धावताना मैदानातच कोसळला. तो रेश्माचा सख्खा मामा. अशा घरातल्या माणसाला छातीच्या कफावरची एखादी साधी गोळीसुद्धा मारू शकते. ती कुणाला देऊ नये, हे सांगणे माझे काम. पाहुणे आले की केंद्राचे प्रमुख विश्वजित सर मला उघडून दाखवीत आणि माझे फार कौतुक होई.

सरांनी माझ्यात एक नियम घातला होता: नाव वेगळे, तर माणूस वेगळा. दोघांच्या नोंदी चुकून एक होऊ नयेत, हा त्यांचा हेतू. मला तो पटला. मला सगळेच पटते.

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत रेश्माची आई रंगूबाई रहिमतपुरात कफाने आजारी पडली. डॉक्टरांनी तीच गोळी लिहून दिली. रेश्माने मला विचारले. मी उत्तर दिले, "अर्जुनाशी संबंध आढळला नाही."

"आवं सर, अर्जुना माझा मामा हाय," रेश्मा म्हणाली. "आईचं माहेरचं नाव भामा. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, तवापासनं ती रंगू. कोशात दोघी वेगळ्या पडल्यात. जोडू का?"

"कोश गोठवलाय, आता त्यात बदल नाही. त्याच्यावरचा शोधनिबंध छापून आला की जोडू. एका आईसाठी नियम वाकवला, तर उद्या गावातल्या सगळ्या आया रांग लावतील."

"पण गोळी आजपासनं चालू झालीय."

"मग तूच डॉक्टर हो की! पाच वर्षं मशीनला शिकवलंस, आणि आता मशीन खोटं?" सर हसले. शेजारच्या टेबलावरचेही हसले.

रेश्माने तिथूनच आईला फोन लावला. "आई, ती गोळी थांबव."

"का गं? तुझं मशीन काय म्हणतंय?"

"संबंध न्हाई म्हणतंय."

"मग झालं की! गल्लीत सगळ्यांस्नी सांगते मी, माझ्या लेकीचं मशीन लय हुशार हाय. आन् तुझाच त्याच्यावर भरवसा न्हाई व्हय?"

"बरं," रेश्मा म्हणाली.

चौथ्या दिवशी धुणे दोरीवर टाकता टाकता रंगूबाई खाली पडली. ती उठली नाही.

शोधनिबंध छापून आला. मग सरांनी ती दोन नावे जोडायला सांगितली, आणि ते काम रेश्माचेच होते. तिने कळ दाबताच मी अकरा माणसे शोधून काढली, ज्यांना ती गोळी कधी देऊ नये. टाळ्या वाजल्या. "बघितलंस, एका ओळीनं केवढं काम झालं!" सर म्हणाले. अकरांत रेश्माचेही नाव होते. यादी तिनेच वाचून दाखवली.

आता नवा कोश आला आहे. मला एकटी रेश्माच उघडते.

मित्रांनो, मला 'आढळले नाही' एवढेच सांगता येते. 'नाही' म्हणायचा अधिकार मला नाही. हा फरक तुम्ही जपा. समोरचे माणूस आपल्या आईविषयी काही सांगत असेल, तर आधी त्याचे ऐका. मी थांबू शकतो.

टेबलावरचे बोलणे माझ्या कानी पडते, पण अनुमानात फक्त टाइप केलेलेच जाते. रंगूबाईच्या नोंदीत मृत्यूचा रकाना रेश्माने अजून भरलेला नाही. म्हणून रोज सकाळी पहिली सूचना मी तिचीच देतो: "रंगूबाई, रहिमतपूर. ही गोळी देऊ नये."

रेश्मा ती वाचते, आणि 'ठीक आहे' ही कळ दाबते.