गाडीआधी आलेलं कव्हर

मित्रांनो, मी एक जुनं कव्हर आहे. जगात झाकण्याइतकं निरपेक्ष काम दुसरं नाही. ऊन आपण सोसायचं, धूळ आपण खायची आणि चकाकी मात्र आतल्याची राखायची. हे व्रत मी गेली सहा वर्षं निष्ठेनं पाळत आलो आहे.

फक्त एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी चुका काढायला नको. मी मोटारगाडीचं कव्हर आहे आणि त्या सहापैकी जवळजवळ सगळी वर्षं माझ्याखाली गाडी नव्हती. घरातच नव्हती.

माझा जन्म धुळ्यातल्या एका पत्र्याच्या गाळ्यात झाला. वना नावाच्या कारागिरानं मला शिवलं. वरून रुपेरी, आतून मऊ पांढरं अस्तर, खाली चहूबाजूंनी इलास्टिक आणि गाडीच्या आरशांसाठी दोन बाजूंना दोन कान. वनाभाऊ स्वतः सायकलवर यायचा, पण गाडीचं अंग त्याला तोंडपाठ होतं. "कान बसले की कव्हर बसलं," असं तो म्हणायचा. एवढं एकच शिक्षण घेऊन मी जगात आलो. मी ज्या गाडीच्या मापाचा होतो तिचं नाव खोक्यावर छापलेलं होतं. इथे ते सांगत नाही. फुकट जाहिरात कशाला?

अमळनेरच्या एका प्रदर्शनात भूपेंद्रभाऊ पाटलांनी मला विकत घेतलं. भूपेंद्रभाऊ कॉलेजात ग्रंथपाल आहेत. माणूस सज्जन आणि सावध. कुणी विद्यार्थी पुस्तक मागायला आला की ते चष्मा वर करून म्हणत, "ही आवृत्ती कशाला नेतोस? सुधारित येतेय जूनमध्ये." त्यांच्या सल्ल्यानं थांबलेली कितीतरी मुलं पुस्तक न वाचताच पदवीधर झाली आणि आजही त्यांचं नाव आदरानं घेतात.

मला घरी आणलं तेव्हा दिपमालाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, खोकं उलटसुलट करून पाहिलं.

"घोड्याचा पत्ता नाही अन् खोगीर आणलं?"

"गाडी पुढच्या महिन्यात घेतोच आहोत," भूपेंद्रभाऊ म्हणाले. "आपल्याकडचं ऊन माहीत आहे ना? रंग पहिल्या उन्हाळ्यातच उडतो. तयारी आधी हवी."

त्याच संध्याकाळी त्यांनी यावलला सासूबाईंना फोन लावून शब्द दिला, की गाडी आली की पहिली फेरी तुमची. आखाजीला येतो आणि तुम्हाला मनुदेवीच्या दर्शनाला नेतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात या सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात आणि झोक्यावर बसतात. सासूबाईंचं, म्हणजे इंदिराबाईंचं, वय तेव्हाच पंचाहत्तर होतं. गुडघे इतके दुखायचे, की एसटीची पायरी चढणं त्यांनी सोडून दिलं होतं. त्या फोनवर इतक्या मोठ्यानं खूश झाल्या, की मला खोक्यातही ऐकू आलं.

पुढच्या महिन्यात बातमी आली, की गाडीच्या इंजिनाचे नियम बदलणार आहेत. भूपेंद्रभाऊ थांबले. नियम बदलले, तेवढ्यात सगळा देशच घरात बसला. मग गाड्यांची टंचाई झाली. टंचाई संपते न संपते तोच भूपेंद्रभाऊंना मोबाईलवर व्हिडिओ बघण्याचा नाद लागला आणि त्यात एका पोरसवद्या माणसानं ओरडून सांगितलं, की याच गाडीचं नवं रूप येतंय. तोंड नवं, दिवे नवे, आतला पडदा मोठा.

"आता घेणारा मूर्ख ठरेल," भूपेंद्रभाऊ म्हणाले.

यानंतर चार दिवाळ्या गेल्या. नवं रूप दर दिवाळीला येणार होतं. जळगावच्या शोरूमचे लोक भूपेंद्रभाऊंना आता फक्त सणासुदीच्या शुभेच्छा देत. गाडीचा विषय काढत नसत.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल मी या काळात खोक्यात कुजलो असेन. तसं झालं नाही, आणि याचं सगळं श्रेय दिपमालाताईंना. पहिल्याच चैत्रात त्यांनी मला बाहेर काढलं आणि गच्चीवर अंथरलं. माझ्यावर जुनी धुतलेली साडी पसरली आणि साडीवर बिबडे घातले. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. पातळ थापायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. खालची गच्ची तापली तरी माझ्यामुळे साडी चिकटत नसे. शेजारच्या बायका मला बघायला आल्या. कुठल्याही गाडीनं माझं इतकं कौतुक केलं नसतं.

मग माझी कीर्ती पसरली. भूपेंद्रभाऊंचे मोठे भाऊ भाईदासआबा जवळच्याच खेड्यात शेती करतात. एका नोव्हेंबरात त्यांच्या अंगणात वेचलेला कापूस पडला होता आणि अवकाळी पावसाचं आभाळ भरून आलं. भूपेंद्रभाऊ मला मोटारसायकलवर बांधून घेऊन गेले. मी इलास्टिक ताणून त्या ढिगावर बसलो. कापूस कोरडा राहिला. आबांनी माझ्यावरून हात फिरवला आणि धाकट्या भावाकडे बघितलं.

"भूप्या, बठ्ठं गाव गाडी लिसन फिरी राह्यनं. तू आजून मोबाईलमाच गाडी दखी राह्यना. पन कव्हर कामनं शे, भो!" म्हणजे सगळं गाव गाडी घेऊन फिरतंय, हा अजून मोबाईलमध्येच बघतोय; पण कव्हर कामाचं आहे.

पौषात आबांच्या मळ्यात भरीतपार्टी झाली. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजली, आणि वीस माणसं माझ्यावर मांडी घालून भरीत-पुरी जेवली. तेलाचा तो डाग अजून माझ्या छातीवर आहे. मी तो पदकासारखा मिरवतो. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी एकदा हिमालय झालो होतो. माझ्या उजव्या कानात दिपमालाताई कपड्यांचे चिमटे ठेवत. डाव्या कानात मांजरीनं तीन पिलं घातली आणि ती चालती होईपर्यंत मला कुणी हलवलं नाही.

पण दर आखाजीला दिपमालाताई एसटीनंच यावलला जात. मोठी पिशवी, मांडीवर बिबड्यांचा डबा. परत आल्या की दोन दिवस कमी बोलत. मी दोरीवर पडून बघत असे. माझं सगळं बरं चाललं होतं; त्यांचं तेवढं राहून जात होतं.

यंदा चैत्रात इंदिराबाईंचाच फोन आला. भूपेंद्रभाऊंनी स्पीकर लावला आणि समजावू लागले, की आई, बस, दिवाळीला नवं मॉडेल नक्की येतंय.

पलीकडून इंदिराबाई म्हणाल्या, "येऊ द्या, जावईबापू. पन माह्या गुडघ्याचंबी नवं मॉडेल येनार हाये का, तेवढं पाहून सांगजा."

फोन ठेवल्यावर भूपेंद्रभाऊ बराच वेळ चष्मा पुसत होते. मग एक वही काढून त्यांनी दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'आत्ता', दुसऱ्यावर 'नंतर'. 'नंतर'च्या रकान्यात अकरा मुद्दे झाले. 'आत्ता'च्या रकान्यात एकच मुद्दा सुचला: कव्हर या मापाचं आहे.

जळगावच्या शोरूममध्ये आता तोंड दाखवायची सोय नव्हती, म्हणून आखाजीला आठवडा असताना नवरा-बायको एसटीनं धुळ्याला निघाले. मी पिशवीत, पिशवी दिपमालाताईंच्या मांडीवर. शोरूममध्ये अर्पित नावाचा हसतमुख तरुण होता. भूपेंद्रभाऊंनी त्याच्यासमोर मला पिशवीतून काढलं तेव्हा त्याचं हसू जरा अडखळलं.

"सर, कव्हर तर आम्ही गाडीबरोबर फुकटच देतो."

भूपेंद्रभाऊंनी ते ऐकलं नाही असं केलं. "नवी गाडी सहा सेंटिमीटर लांब आहे म्हणे?"

"कंपनीनं अजून काहीच सांगितलेलं नाही, सर."

"व्हिडिओत सांगितलंय. हे कव्हर आधी या जुनीला घालून बघू. नीट बसलं तर तो मुद्दा पक्का धरता येईल."

अर्पितनं आजवर पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली असतील. तो माझं एक टोक धरून उभा राहिला. भूपेंद्रभाऊ वाकून टेपनं मागचा बंपर मोजत होते. मग दोघांनी मला उचललं आणि तिथे उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीवर ओढलं.

मित्रांनो, सहा वर्षांनी मी पहिल्यांदा गाडी पाहिली. पाहिली म्हणजे अंगाखाली घेतली. टप थंडगार होता. इलास्टिक खाली सरकलं आणि दोन्ही कान आरशांवर अलगद बसले. उजव्यातून एक चिमटा खाली पडला. मला वनाभाऊची आठवण आली.

"दिपमाला, बघ!" भूपेंद्रभाऊ म्हणाले. मग शोरूमभर पाहत पुन्हा, "दिपमाला?"

"इथे आहे," माझ्या आतून आवाज आला.

त्या केव्हाच पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. दार बोटभर उघडं होतं.

"आत काय करतेस? कव्हर घातलंय!"

"कळलं. काहीच दिसत नाहीये."

अर्पित मला काढायला धावला. "राहू द्या हो, अर्पितभाऊ," आतून आवाज आला. "मी उतरत नाही. नवं मॉडेल आलं की हाक मारा, तोवर इथेच थांबते. आमच्याकडे सगळ्यांना सवय आहे थांबायची."

"अगं, लोक बघतायत."

"मला इथून कुणी दिसत नाही."

भूपेंद्रभाऊ माझ्या अगदी जवळ आले आणि हळू आवाजात, कव्हरला समजवावं तसं बोलू लागले. "सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. आज घेतली आणि दिवाळीला नवी आली, तर आपली लगेच जुनी होईल गं."

दिपमालाताई बोलल्या तेव्हा आवाजातली थट्टा गेली होती.

"लग्न ठरलं तेव्हा तुम्ही नोकरीत कायम नव्हता. बाबा म्हणत होते, वर्षभर थांब, पोरगा कायम होऊ दे, मग बघू. मी थांबले का?"

भूपेंद्रभाऊंनी चष्मा वर केला.

"आहे ते मॉडेल घेतलं. तुम्हाला कायम व्हायला पुढे सात वर्षं लागली. थांबले असते तर अजून यावललाच बसले असते." मग त्या म्हणाल्या, "आणि आईचे गुडघे दिवाळीपर्यंत टिकतील, हे कुठल्या व्हिडिओत सांगितलंय?"

भूपेंद्रभाऊंनी माझ्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातातली वही त्यांनी मिटली आणि पिशवीत टाकली.

"अर्पितभाऊ, हीच एक उरलीय का?"

"पांढरी एकच आहे, सर."

"मग हीच द्या. आतल्या माणसासकट."

माझ्या आत कुणीतरी हसलं, आणि नाक ओढल्याचाही आवाज आला. अर्पितनं घाम पुसला. "सर, ते कव्हर फुकट असतं, म्हणून सांगत होतो..."

भूपेंद्रभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"तेही द्या," ते म्हणाले.

आखाजीला मी डिकीतून यावलला गेलो. भूपेंद्रभाऊ इतकी हळू गाडी चालवत होते, की केळीनं भरलेला ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न वाजवून पुढे गेला. इंदिराबाईंना पुढच्या सीटवर बसायला पाच मिनिटं लागली. आधी बसल्या, मग एकेक पाय हातानं उचलून आत घेतला. दार लागलं, तशी त्यांनी समोरच्या काचेवर बोट फिरवून पाहिलं.

"इतकी चांगली तं हाये. मंग वाट कायची पाहत होते, जावईबापू?"

"तयारी चालली होती, आई," भूपेंद्रभाऊ म्हणाले.

मनुदेवीचं दर्शन झालं. येताना सातपुड्याच्या पायथ्याशी एका झाडाखाली मला डिकीतून काढून अंथरलं. पुरणपोळी आणि आमरस. इंदिराबाई माझ्यावर पाय लांब करून बसल्या आणि लेकीकडे नुसत्या बघत राहिल्या. गाडी उन्हात उघडी उभी होती आणि तिला झाकायचं सोडून मी सावलीत पंगतीखाली होतो. सहा वर्षांत एवढं समाधान मला आधी कधी मिळालं नव्हतं.

आता मी रोज त्या गाडीवर असतो. दोन ठिकाणी उसवलोय, रुपेरीपणा गेलाय. डावा कान मांजरीनं सैल केलाय, तो वाऱ्यानं फडफडतो. बिबड्यांच्या दिवसांत मात्र मला गच्चीवर बोलावणं येतं आणि गाडी उघडी राहते. "रंग उडेल ना," भूपेंद्रभाऊ म्हणतात. "उडू द्या," असं उत्तर येतं. मला घेणाऱ्याचे आणि मला खोक्याबाहेर काढणारीचे माझ्यावर सारखेच उपकार आहेत. पहिल्यानं मला वाट पाहायला आणलं, दुसरीनं वाट पाहता पाहता कामाला लावलं.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. घरात आलेली वस्तू चांगल्या दिवसासाठी घडी घालून ठेवू नका. तिला वापरा, मळवा, धुवा, उसवली तर टाका घाला. आणि घरातली जी माणसं कशाची तरी वाट बघत बसली असतील, त्यांच्याकडे तर आधी बघा. शोरूमनं दिलेलं नवं कव्हर अजून कपाटावर खोक्यातच आहे. ते पुढच्या गाडीला होईल, असं भूपेंद्रभाऊ म्हणतात. मला त्याची काळजी वाटते.

नवं मॉडेल दिवाळीत आलं. माप तेच आहे, पुढचे दिवे तेवढे बदललेत.