मूळचा रंग

"हिच्या अंगात रक्तच नाही," गोरीची खालची पापणी ओढून नर्सबाई म्हणाल्या.

"इश्श! गोरी आहे ती," आई म्हणाली.

लहानपणी पोरगी चांगली सावळी होती. मालकाच्या भाजीच्या वाफ्यांत राबायला लागली आणि वर्षागणिक उजळत गेली; मग गोरी हेच नाव पडले. बाकीच्या पोरी उन्हात रापल्या. शेजारणी आडून आडून लेप कोणता ते विचारत. आई नुसती हसे.

वाफ्यांना शहराच्या नाल्याचे पाणी होते. रोपे चेंगरतात म्हणून चपला बांधावर काढायच्या, हा मालकाचा हुकूम. मजुरांच्या खोल्यांमागे संडास बांधलेला होता. त्यात मालकाचे बियाणे कुलूपबंद होते. माणसे वाफ्यांच्या कडेला जात.

"जंत आहेत," नर्सबाईंनी सांगितले. "त्या चिखलातून तळपायात शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात. ही जंताची गोळी आजच द्या, या रक्तवाढीच्या रोज. बघा कसा रंग परत येतो."

आई दचकली. "कुठला रंग?"

"तिचा. मूळचा."

चारच दिवसांत पाहुणे मुलगी बघायला येणार होते. आईने नर्सबाईंना हसतमुखाने दारापर्यंत सोडले आणि गोळ्या चुलीत घातल्या.

"आई, मला चार पायऱ्या चढवत नाहीत गं."

"त्यांच्याकडे जिनाच नाहीये. विचारलंय मी."

पाहुण्यांसमोरून उठताना गोरीने भिंत धरली. "किती लाजतेय!" होणारी सासू म्हणाली. तिथेच ठरले.

सासरी संडास घरातच होता. चपला घालून कुठेही हिंडता येई. नवरा औषधांच्या दुकानात कामाला होता. बायकोला धाप लागते बघून त्याने हौसेने जंताच्या आणि रक्तवाढीच्या गोळ्या आणल्या, स्वतःच्या हाताने भरवल्या. गोरी पोटभर जेवू लागली, दोन्ही हातांत भरल्या बादल्या उचलू लागली. मोठ्याने हसूही लागली. आणि सावळी झाली.

सासूने आधी साबण बदलला, मग सून बदलायचे ठरवले.

"दाखवलीत एक, दिलीत एक," जावई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला आणि बायकोची पेटी खाली ठेवून गेला. गोळ्यांबद्दल तो काही बोलला नाही.

आईने घाईघाईने दार लावून घेतले.

"काय करून घेतलंस हे?"

"बरी झाले, आई."

आईने कपाळाला हात लावला. मग तिने लेकीला ताट वाढले.

"रडू नकोस. उद्यापासून वाफ्यात जा. वर्ष-दोन वर्षांत होशील पुन्हा होतीस तशी. मग बघू दुसरं स्थळ."

नर्सबाईंचे म्हणणे आईला आता पूर्ण पटले होते.

गोरी रडत नव्हतीच. ती जेवत होती. ताट चाटूनपुसून संपवून तिने पुढे केले.

आईने पातेल्यावर झाकण ठेवले.