दुसऱ्या पियानोवर गायत्री

उषाबाईंनी खुर्चीवरची पिशवी उचलली आणि सुंदराबाईंना तिथे बसवलं. तिथून स्टेजवर वाजवणाऱ्या गायत्रीचा, उषाबाईंच्या लेकीचा, चेहरा नीट दिसणार होता.

सुंदराबाई कोसाडहून खास मुलगी पाहायला आल्या होत्या. त्यांचा धर्मेंद्र ड्यूटीवर होता. पसंती आईनेच कळवायची, असं ठरलं होतं. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून उषाबाईंनी उधन्यातल्या सगळ्या नातेवाइकांना कामाला लावलं होतं.

स्टेजवर दोन मोठे पियानो समोरासमोर मांडले होते. निवेदिकेने सांगितलं, पहिल्या पियानोवर अक्षय, दुसऱ्यावर गायत्री.

"आपली दुसरी का?" सुंदराबाईंनी विचारलं.

"दोघांना काम सारखंच असतं, ताई."

"मग दुसरी कशाला म्हणायचं?"

ऑर्केस्ट्रा सुरू झाला. व्हायोलिनं वाजली, बासऱ्या वाजल्या. ते दोघं मात्र मांडीवर हात ठेवून बसले होते.

"हे काही वाजवणार आहेत ना?"

उषाबाईंनाही तीच धास्ती होती. तेवढ्यात अक्षयने गायत्रीकडे पाहून मान हलवली आणि दोघांचे हात एकदम पट्ट्यांवर पडले. मग त्याने एक तुकडा वाजवला, तोच तिने वाजवला.

"ऐकणारी आहे," सुंदराबाई खुशीत म्हणाल्या.

पुढे गायत्रीने काहीतरी वेगळंच काढलं आणि अक्षयने ते निमूटपणे उचललं. सुंदराबाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या.

"सारखे बघतात एकमेकांकडे."

"बघावंच लागतं. सोबत सुरू करायचं असतं ना."

"आणि हसायचंही असतं?"

उषाबाईंनी पदर सारखा केला.

मधला भाग फार संथ होता. मागच्या रांगेत कोणीतरी घोरू लागलं. सुंदराबाईंची नजर मात्र स्टेजवरून हलली नाही.

शेवटचा सूर थांबला. टाळ्या पडल्या, वादक उभे राहिले. दोन्ही पियानोंवरची माणसं तेवढी तशीच बसून होती, एकमेकांकडे पाहत. शेवटी कंडक्टरने हाताने खूण करून त्यांना उठवलं.

"आता तर सोबत सुरू करायचं काही नव्हतं," सुंदराबाई म्हणाल्या.

सुंदराबाईंनी चप्पल पायात सरकवली आणि मान उंच करून पुढच्या रांगा न्याहाळल्या.

"मुलाची आई आली असेल ना?"

"कोणत्या मुलाची?"

सुंदराबाईंनी हनुवटीनेच स्टेजकडे दाखवलं.

"चला, मी येते सोबत," त्या म्हणाल्या. "अशी बोलणी एकटीने करू नयेत."