टोपल्याच्या मापाची बस

मी एक जुनी, बुटकी बस आहे. मित्रांनो, खुशाल हसा! मी जन्मले तेव्हा सगळं कारंजा गाव हसलं होतं.

ते १९७४ साल होतं. भाजी विकणाऱ्या हौसाबाई एकदा बसच्या उंच पायरीवरून पडल्या आणि त्यांचा गुडघा कायमचा अधू झाला. मळा गावाच्या एका टोकाला, बाजार दुसऱ्या टोकाला. आता चालवेना आणि बसमध्ये चढवेना. त्यांची वीस वर्षांची बाजारातली जागा जायची वेळ आली.

बस बांधणारे धरमसिंग मिस्त्री त्यांचे शेजारी. शहरफेरीची एक बस बांधायचं काम त्यांच्याकडे नुकतंच आलं होतं. "बाई, तुमी पाय उचलू नका. मी गाडीच खाली आनतो," ते म्हणाले. माणूस मोठा हट्टी. एकदा मनावर घेतलं की जेवणाचीही शुद्ध नसे.

इतर बसची पायाखालची फळी चाकांच्या वर असते. धरमसिंगांनी माझा लोखंडी कणा चाकांच्या मध्ये खाली वाकवला. पहिल्याच फेरीत नाल्याच्या दगडावर माझं पोट खरवडलं. लोक म्हणाले, "मिस्त्री, हे बस हाय का घोरपड?" मी लाजेने अर्धी झाले. धरमसिंग नाही. त्यांनी सगळे जोड सोडवले, कणा चार बोटं वर घेतला आणि पुन्हा जोडला.

मग तपासणीचा दिवस ठरला. नापास झाले, तर मी भंगारात जाणार होते. आदल्या सकाळी हौसाबाई डोक्यावर वांग्यांचं टोपलं घेऊन आल्या. दुखरा पाय अलगद आत आला. जिंकलो, असं मी म्हणते तोच टोपलं दाराच्या चौकटीवर आदळलं आणि वांगी रस्ताभर पसरली.

"टोपलं खाली ठेवून चढा ना, बाई!" धरमसिंग म्हणाले.

"ठेवलं त पुन्हा उचलून कोन देते? भाऊ, तुमी माह्या पायाचं माप घेतलं, टोपल्याचं राह्यलंच ना!"

धरमसिंगांनी दाराची चौकट हाताने मापली. फळीबरोबर त्यांनी दाराची वरची चौकटही खाली आणली होती. त्यांनी हौसाबाईंना टोपल्यासकट दारात उभं केलं, खडूने रेघ मारली आणि चक्क माझं छप्पर कापायला घेतलं.

"उद्यापर्यंत होत नाई," त्यांचा जोडीदार जगदेव म्हणाला.

"कसं होत नाई? धर छिन्नी!"

दोघांच्या हातांना फोड आले, पण दार झालं.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "दार छपरात घुसलंय. हे काय ध्यान?"

धरमसिंगांनी नुसतं हौसाबाईंकडे पाहिलं. त्या टोपल्यासकट, दाराचा दांडा न धरता चढल्या आणि पहिल्या बाकावर ऐटीत बसल्या. साहेबांनी पेन काढून सही केली.

मी अकरा वर्षं धावले. बाजारातली हौसाबाईंची जागा शेवटपर्यंत हौसाबाईंचीच राहिली. आता मी धरमसिंगांच्या कारखान्यामागे उभी आहे. कोंबड्या माझ्यात अंडी घालतात, पोरं पत्र्यावर नावं कोरतात. ते दुखतं. मित्रांनो, नावं कोरू नका. आणि मोठेपणी काही बांधाल, तेव्हा ज्याला चढायचंय त्याला आधी बोलवा, त्याच्या ओझ्यासकट बोलवा.

धरमसिंग आता थकले आहेत. दुपारी काठी टेकत माझ्यात बसायला येतात. परवा त्यांनी काठी काखेत मारली, दांडा न धरता आपला दुखरा पाय आत ठेवला आणि हौसाबाईंच्या रिकाम्या बाकाकडे पाहून म्हणाले, "बाई, माप बराबर हाय."