ताईच्या कोटाला इस्त्री

ताईचा कोट अकरा महिने माझ्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून होता. आज तो लाँड्रीतल्या माझ्या टेबलावर पडला आहे, आणि पलीकडे स्टुलावर ताईची लेक पाय हलवत बसली आहे. उद्या सकाळी तिची पहिली मुलाखत. तिला आईचाच कोट घालून जायचं आहे.

"मावशी, सुरकुत्या बघ की. गाईनं चघळल्यासारखा झालाय."

"बघितल्या."

"वीस वर्षं इस्त्री करणारी मावशी, आणि भाची जाणार चुरगळलेली. लोक काय म्हणतील?"

"दिव्याखाली अंधार म्हणतील," कोपऱ्यातून रफूवाले काका बोलले.

मी इस्त्री उचलली नाही. वाफेचा गुण मला ठाऊक आहे. कापडात मुरलेला जुना वास ती एकदाच सगळा वर काढते. मग तिथं काही उरत नाही.

ताई निशिगंधाचा सेंट लावायची. लावायची कसली, ओतायची. दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसायची, तर तिथल्या औषधांच्या वासालाही तिनं एकटीनं हरवलं होतं. पांढऱ्या फुलांचा तो गोड, दांडगा वास. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर असायची, वास आमच्या उंबऱ्यात. मी चिडवायला गाणं रचलं होतं:

वास पुढे चाले, मागे चपलांचा नाद,
ताईला गं साद घालू कशाला मी?

बाटली तिनं शेवटच्या थेंबापर्यंत स्वतःच संपवली. तसली आता येत नाही, असं दुकानदार म्हणाला. उरला तो या कॉलरमधला.

ती गेली तेव्हा मला रडू आलं नाही. नंतरही नाही. ताई पेशंटना बजावायची, "भूल उतरेपर्यंत गरम काही घेऊ नका, भाजलेलं कळायचं नाही." माझं तसंच झालं आहे. जिभेनं चाचपावं तर दाढ जागेवर आहे, पण माझी नाही. म्हणून कोट बांधून ठेवला. भूल उतरेल त्या दिवशी पिशवी उघडायची, नाक खुपसायचं आणि पोटभर रडून घ्यायचं. तो दिवस काही उजाडला नाही.

"आईचा वास जाईल म्हणून थांबलीस ना?" भाचीचे पाय हलायचे थांबले होते.

"हो."

"त्यापायी शाळेत मला फुलवालीची पोर म्हणायचे. पालकसभेला येऊ नकोस, असं सांगितलं होतं मी तिला."

"मग?"

"मग काय. जास्तच लावून आली."

रफूवाले काका हसले, आणि सुईत दोरा ओवू लागले.

"राहू दे मावशी. मी तुझा करडा घालून जाते."

मी तिच्याकडे पाहिलं. तेच रुंद खांदे, तीच ताठ मान.

"माझा तुला कुठला होतोय? खांदे आईचे घेऊन आलीस."

मी इस्त्री उचलली आणि कॉलरवर वाफ सोडली.

निशिगंध उठला. टेबलावरून, हँगरांमधून, थेट छतापर्यंत. रफूवाल्या काकांनी सवयीनं दाराकडे बघितलं. भाचीनं डोळे मिटून घेतले. मी वाट पाहिली. घशात काही येतंय का, डोळ्यांत काही येतंय का. हात आपलं काम करत राहिला. कॉलर झाली, बाह्या झाल्या. पाठीवर आले तेव्हा नुसता तापल्या लोकरीचा वास होता.

"गेला?" भाचीनं विचारलं.

"गेला."

मी कोट धरला. तिनं बाह्यांत हात घातले आणि क्षणभर तशीच उभी राहिली.

"गरम आहे गं," ती म्हणाली. "आत्ताच कुणी अंगातून काढून दिल्यासारखा."

मी तिची कॉलर नीट केली, वरचं बटण लावलं. बोटं जरा वेळ तिथंच ठेवली.

"भाजत नाही ना?"

"नाही."

मला कळत नव्हतं, म्हणून विचारलं.