दुसऱ्या रविवारची पावणी

आपण मटणाच्या ताटावर बसून काही ठरवलं नाही, असं क्रांती पुढं शपथेवर सांगायची. पण खरं बोलायचं तर ताट समोर होतं.

पोरगी पंधरा वर्षांची. आईबापांच्या घटस्फोटाला चार वर्षं झालेली. आई स्वप्नाली शाहूपुरीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला. क्रांती तिच्याकडं राहायची. बाप सयाजी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात. महिन्याचा दुसरा रविवार त्याचा. त्याच्या घरात त्याची थोरली बहीण, आक्का.

आता दोन्ही घरं शेजारी मांडून बघा. शाहूपुरीत सहाला पांघरूण ओढलं जायचं. मग क्लास, भांडी, मोबाईलची झडती आणि "कुणाचा मेसेज होता गं?" कागलला दहापर्यंत लोळायचं. आक्का पहिलं ताट क्रांतीचं वाढायची, नळी तिच्याच वाटीत पडायची, मोबाईलकडं कुणी ढुंकून बघायचं नाही. पोरगी गणितात हुशार, दहावीला पंच्याण्णव. पण एक रविवार घेऊन त्याला तिसानं गुणायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या रविवारी नळी चोखता चोखता तिनं सांगून टाकलं, "पप्पा, मी आता हितंच ऱ्हायला येणार हाय."

सयाजीचा घास हातातच राहिला. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाचं का कशाचं, कळलं नाही. आक्काचा मात्र काडीचा गोंधळ झाला नाही.

"व्हय? ब्येस झालं की! मग ऊठ, पप्पाला भाकरी वाढ. आन् ती दुसरी नळी ठेव, उद्या त्याच्या डब्याला हुईल."

"आक्के, जेवतीया न्हवं ती," सयाजी म्हणाला.

"घरचीच हाय न्हवं आता? पावणी व्हती तवर लाड केलं. माझं गुडघं काय सरकारी हाईत?"

सयाजी पोरीकडं बघून हसला आणि त्यानं हात पुढं केला. "मोबाईल दाव जरा. कुणाशी बोलतीस एवढं?"

क्रांती भाकरी घेऊन उभीच. ही माणसं खूश झालीत का चिडलीत? ओरडा खाल्ल्यासारखं वाटत होतं आणि कुणी कुशीत ओढल्यासारखंही. दोन्ही एकदम कसं वाटतं, ते तिला उमगेना.

संध्याकाळी ती बसनं शाहूपुरीत पोचायच्या आधी सयाजीचा फोन पोचला होता. चार वर्षांत या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. पोरीला अडवायचं नाही, यावर मात्र तीन मिनिटांत झालं.

स्वप्नालीनं दार उघडलं, तांब्यावर फुलपात्र ठेवून पाणी आणलं. मग चहा, बशीत बिस्किटं. "उशीर का?" नाही, "चपला नीट काढ" नाही. दुपारी कागलला सुटलेलं पावणीपण पोरीच्या आधीच्या बसनं येऊन घरात बसलं होतं.

"आई, पप्पांनी सांगितलं?"

"सांगितलं की. एवढ्या मोठ्या पोरीचं म्हणणं कोर्ट ऐकून घेतं म्हणं. उद्या वकीलबाईंकडं जाऊन अर्ज करू."

"तुला राग न्हाय आला?"

"राग कशाला? चहा घे, निवंल."

स्वप्नाली इस्त्रीला बसली. कुर्ते क्रांतीचे. एरवी ज्याचे त्यानं करायचे, हा घरचा कायदा. क्रांतीनं कपबशी धुवायला उचलली.

"राहू दे गं. मी बघते."

क्रांतीनं कपबशी आहे तिथंच ठेवली.

"असं काय करतीस? ओरड की!"

"कशाला?"

"अडव की मग!"

इस्त्री थांबली. "अडवलं तर थांबशील?"

क्रांतीनं तोंड उघडलं. हो म्हणावं तर पप्पांचा पुढं केलेला हात दिसला. नाही म्हणावं तर समोर आई, कुर्त्याची बाही धरून.

"ठावं न्हाय."

स्वप्नालीनं इस्त्रीचं बटण बंद केलं. "मग उद्याचं राहू दे. तुला ठावं हुईल तवा जाऊ."

"आन् पप्पांना काय सांगू?"

"हेच सांग. मी न्हाय सांगणार."

क्रांतीनं फोन लावला. पलीकडून सयाजी "हां बाळा, बोल की" म्हणाला, आणि तिला रडूच कोसळलं. कशानं, ते तिघांतल्या एकालाही सांगता आलं नसतं.